व्हिएतनामची समुद्री गोम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

समुद्रातल्या राक्षसांची यादी निघाली की त्यात व्हिएतनामच्या नावापुढे ‘कॉन रित’ हे नाव हटकून येतं. साठ फूट लांब, अंगावर चिलखत, दोन्ही बाजूंनी पाय. चित्रंही फार झकास काढलेली असतात. वाचून झाल्यावर लोक मला साधारण तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतो आहे.

कॉन रित म्हणजे काय?

शब्दशः बघितलं तर गोम. बाथरूमच्या जाळीतून पावसाळ्यात वर येते ती. व्हिएतनामी भाषेत प्राण्यांच्या नावाआधी ‘कॉन’ हा शब्द लागतो, त्यामुळे मांजर असो, म्हैस असो, सगळ्यांच्या आधी कॉन. ‘रेत’ म्हणजे गोम, आणि दक्षिणेकडच्या बोलीत तिचाच उच्चार ‘रित’ असा होतो. म्हणजे ज्या नावाला परदेशी वाचक राक्षसाचं विशेषनाम समजतात, ते तिथल्या बाईने पायाखाली गोम दिसल्यावर ओरडावं इतकं साधं आहे. व्हिएतनामी माणसाला नुसतं ‘कॉन रित’ म्हणालात तर तो आधी खाली बघेल, समुद्राकडे नाही.

आपल्याकडे मोठ्या जातीला घोणही म्हणतात. या प्राण्यासाठी ‘समुद्री घोण’ जास्त शोभलं असतं. पण मराठीत ‘गोम’ शब्दाला जो दुसरा अर्थ आहे, तो या प्रकरणाला इतका फिट बसतो की मी गोमच वापरणार.

गोष्ट नेमकी काय आहे?

साल १८८३. जागा होन गाय, उत्तर व्हिएतनाममधल्या ‘हा लाँग’ उपसागराच्या काठावरची. पुढे ती हा लाँग शहराचाच भाग झाली. त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात फ्रेंच नौदल अधिकारी आँरी रिव्हिएर याने तिथल्या कोळशाच्या खाणींवर ताबा मिळवला होता, म्हणजे काळ धामधुमीचा होता.

किनाऱ्याला एक धूड लागलं. डोकं नव्हतं. उरलेलं अंग १८ मीटर लांब आणि ९० सेंटीमीटर रुंद. वरून गडद तपकिरी, पोटाकडे पिवळसर. आणि सगळं अंग पेऱ्यापेऱ्यांचं. प्रत्येक पेरं साधारण ६० सेंटीमीटर लांब आणि दोन्ही बाजूंना ७० सेंटीमीटरचा एकेक दोरीसारखा अवयव. बघणाऱ्याने त्यावर काठी मारली तर पत्र्यावर मारल्यासारखा आवाज आला. वास इतका असह्य होता की शेवटी लोकांनी ते धूड ओढून खोल समुद्रात नेऊन सोडलं.

झालं. एवढीच गोष्ट. बाकी तुम्ही जे काही वाचलं असेल, ते या चार ओळींना फुटलेले पाय आहेत.

हे सांगितलं कोणी?

त्रान वान कॉन नावाच्या माणसाने. त्याच्या नावातल्या ‘कॉन’चा आणि गोमेच्या ‘कॉन’चा गोंधळ करू नका. घटनेच्या वेळी तो १८ वर्षांचा होता. त्याने ही हकिगत सांगितली १९२१ साली, म्हणजे पन्नाशी ओलांडल्यावर. ऐकणारा होता आर्माँ क्रेम्फ, इंडोचायनातल्या, म्हणजे व्हिएतनामसकट तिकडच्या फ्रेंच वसाहतीतल्या, सागरी संशोधनाच्या उभारणीतला फ्रेंच शास्त्रज्ञ. त्याची समुद्रविज्ञान संस्था पुढच्याच वर्षी, १९२२ मध्ये, न्या त्रांग इथे सुरू झाली आणि ती आजही आहे. क्रेम्फकडून ही हकिगत आबेल ग्रुव्हेल या प्राणिशास्त्रज्ञाकडे गेली आणि त्याने १९२५ मध्ये इंडोचायनाच्या मत्स्यसंपत्तीवर लिहिलेल्या पुस्तकात ती छापली.

आता हिशेब करा. पाहिलं आणि सांगितलं यात ३८ वर्षं. सांगितलं व्हिएतनामी माणसाने, लिहिलं फ्रेंच माणसाने, छापलं तिसऱ्याने. मी दहावीला असताना आमच्या शाळेच्या मैदानावर एक साप निघाला होता. आज आम्ही चौघं मित्र बसलो की त्या सापाची लांबी चार वेगवेगळी निघते, आणि दरवर्षी वाढते. आमच्या सापाला तर अजून ३८ वर्षं व्हायची आहेत.

तरीही त्रान वान कॉनला खोटारडा म्हणायला माझं मन धजत नाही. काठी मारली तेव्हा आवाज कसा आला, हे काही कोणी सहज रचत नाही. ते हाताला आठवतं.

फोटो? नमुना? एखादं हाड?

काहीच नाही.

मग ही व्हिएतनामी किनाऱ्यावरची प्राचीन दंतकथा आहे, असं सगळीकडे का लिहिलेलं असतं?

इथेच खरी गोम आहे. जगभर ‘कॉन रितची प्राचीन दंतकथा’ म्हणून जे फिरतं त्याचा गाभा म्हणजे वरची हकिगत: एक माणूस, एक किनारा, एक दुर्गंधी. दंतकथा व्हायला पिढ्या लागतात, सांगणाऱ्या आज्या लागतात, त्यात गावांची नावं अडकावी लागतात. यात ते काही नाही.

पण व्हिएतनामकडे समुद्रराक्षसाची खरोखरची जुनी कथा आहे, आणि ती कितीतरी पटींनी सरस आहे. त्या राक्षसाचं नाव न्गू तिन्ह. ‘न्गू’ म्हणजे मासा, ‘तिन्ह’ म्हणजे पिशाच्च झालेलं सत्त्व. परदेशी याद्यांत तो क्वचितच दिसतो.

न्गू तिन्हची कथा सांगा ना.

आनंदाने. ही कथा ‘लिन्ह नाम चिक क्वाई’ या संग्रहात आहे. हा संग्रह चौदाव्या शतकाच्या सुमारास अभिजात चिनी भाषेत लिहिला गेला आणि वू क्विन्ह या विद्वानाने १४९२ साली त्याला प्रस्तावना जोडून तो नीट लावला. आपल्याकडे बखरीत इतिहास आणि चमत्कार एकाच पंगतीला जेवतात, तसाच काहीसा हा ग्रंथ.

तर पूर्वेच्या समुद्रात न्गू तिन्ह राहायचा. लांबी पन्नास ‘त्रुओंग’च्या वर. जुनी मापं जागेप्रमाणे बदलतात, पण हे कोणत्याही हिशेबाने दीडशे मीटरच्या पुढे जातं. तो हलला की वादळ आल्यासारखा आवाज व्हायचा. रूपं बदलायचा, माणसं खायचा. त्याचा अड्डा होता समुद्रात आडवा पसरलेला एक खडक, दातेरी, आणि त्याच्या पोटात गुहा. होड्यांना त्याच्या जवळून जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं. लोकांना दुसरी वाट काढायची होती, पण दगड इतका कठीण की छिन्नी लागेना.

लोकांचे हाल बघून एका रात्री देवलोकातली मंडळी उतरली आणि खडक फोडून होड्यांसाठी वाट खणू लागली. काम होत आलं होतं. न्गू तिन्हने काय करावं? पांढरा कोंबडा झाला आणि डोंगरावर जाऊन आरवला. देवांना वाटलं, उजाडलं. हत्यारं टाकून सगळे आकाशात परत.

इथे मराठी वाचक जागा होतो. पांडवांनी एका रात्रीत देऊळ बांधायला घेतलं, कोंबडा आरवला आणि कळस राहून गेला, ही गोष्ट आपल्याकडे कितीतरी अर्धवट देवळांना चिकटलेली आहे. तिकडे कळसाच्या जागी बंदराची वाट राहून गेली.

मग लाक लाँग क्वान पुढे येतो. हा नाग-ड्रॅगन कुळातला राजा, आईकडून पाण्याचा. व्हिएतनामी लोक स्वतःला त्याचे आणि आउ को या पहाडी अप्सरेचे वंशज मानतात: शंभर अंड्यांतून शंभर मुलगे, पन्नास आईबरोबर डोंगरात गेले, पन्नास बापाबरोबर समुद्राकडे. या राजाने साध्या माणसाच्या होडीचं सोंग घेतलं. पाताळातल्या ‘या सोआ’ला हुकूम दिला की समुद्रदेवाला लाटा उठवू देऊ नकोस. हा ‘या सोआ’ म्हणजे आपला यक्ष बरं का. बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे फिरत फिरत तिकडे पोचला आणि समुद्राखाली नोकरीला लागला.

होडी गुहेच्या तोंडाशी नेली. माणूस खायला घालतो आहे असं भासवून हात उगारला. न्गू तिन्हने जबडा उघडला, आणि राजाने त्यात टाकला लालबुंद तापवलेला लोखंडाचा गोळा. राक्षस उसळला, शेपटीचे तडाखे होडीवर मारायला लागला. राजाने शेपूट तोडली, कातडं सोलून डोंगरावर पसरलं. ती जागा बाक लाँग वी, म्हणजे पांढऱ्या ड्रॅगनची शेपटी. मुंडकं वाहत गेलं आणि कुत्रा होऊन पळायला लागलं. राजाने दगड टाकून समुद्र अडवला आणि त्याला मारलं. ते झालं कुत्र्याच्या मुंडक्याचा डोंगर. धड वाहत आणखी पुढे गेलं, त्याचीही एक जागा झाली.

म्हणजे राक्षसाचे तीन तुकडे आणि तिन्हींची ठिकाणं. अशी गावांत रुतलेली असते दंतकथा.

बाक लाँग वी खरोखर आहे?

त्या नावाचं बेट आहे. टोंकिनच्या आखाताच्या मधोमध, हाय फाँगच्या किनाऱ्यापासून शंभराहून अधिक किलोमीटरवर, आणि प्रशासनाच्या दृष्टीने हाय फाँगमध्येच मोडणारं. क्षेत्रफळ जेमतेम तीन चौरस किलोमीटर. कथेतली जागा हीच का, यावर वाद घालता येईल. शेपूट डोंगरावर पसरली असेल तर ती किनाऱ्यालगत हवी, असं मला वाटतं. पण नाव एकच आहे आणि व्हिएतनामी लोक दोन्ही जोडून टाकतात. भीमाच्या पायाचे ठसे आपल्याकडे किती डोंगरांवर आहेत हे आठवलं की तक्रार करावीशी वाटत नाही.

पण यात गोम कुठे आली?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो. कथेतलं वर्णन सांगताना मी एक तपशील मुद्दाम मागे ठेवला होता. मूळ मजकुरात न्गू तिन्हला ‘गोमेसारखे पुष्कळ पाय’ आहेत. मासा, साप आणि गोम अशा तिघांचं मिश्रण.

आता चित्र पालटतं. चौदाव्या-पंधराव्या शतकातल्या ग्रंथात, उत्तर व्हिएतनामच्याच समुद्रात, गोमेसारख्या पायांचा अजस्र प्राणी. आणि १८८३ मध्ये त्याच टापूतल्या किनाऱ्यावर पेऱ्यापेऱ्यांचं धूड, दोन्ही बाजूंना दोऱ्या.

यातून दोन अर्थ निघतात. एक, असा प्राणी खरंच होता आणि दोन्ही वर्णनं त्याची आहेत. हे वाचायला मजा येते. दुसरा अर्थ मला जास्त पटतो: कुजलेलं, ओळखू न येणारं काहीतरी समोर पडलं की माणूस त्याला आपल्याकडे आधीपासून असलेल्या साच्यात बसवतो. युरोपातल्या खलाशाला ते ‘समुद्रसर्प’ दिसलं असतं. लहानपणापासून न्गू तिन्हची गोष्ट ऐकलेल्या माणसाला पाय दिसतात. त्रान वान कॉनने ही गोष्ट ऐकली होती याचा पुरावा माझ्याकडे नाही, पण लाक लाँग क्वानच्या कथा त्या भागात न ऐकता मोठा झालेला पोरगा सापडणं कठीण.

लाक लाँग क्वानने आणखी राक्षस मारले का?

आणखी दोघांचा बंदोबस्त केला. हो तिन्ह हा नऊ शेपट्यांचा कोल्हा, तो आजच्या हनोईतल्या पश्चिम तलावाच्या जागी राहायचा, आणि मोक तिन्ह हे झाडाचं पिशाच्च. समुद्र, मैदान आणि जंगल अशी तीन ठिकाणं माणसाला राहण्याजोगी केली, असा त्याचा अर्थ लावतात.

बेर्नार ह्यूव्हेलमान्सचा यात काय संबंध?

गोष्ट जगभर पोचली ती या बेल्जियन-फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञामुळे. त्याने १९६५ मध्ये समुद्रसर्पांच्या शेकडो हकिगती गोळा करून त्यांचे प्रकार पाडले. त्यातला एक ‘अनेक परांचा’ प्रकार, आणि होन गायचं धूड त्यात बसवलं. नावही दिलं, ‘सेटिओस्कोलोपेंड्रा एलियानी’. स्कोलोपेंड्रा म्हणजे गोम, आणि एलियन हा रोमन काळातला लेखक, ज्याने समुद्रातल्या प्रचंड गोमेबद्दल लिहून ठेवलं आहे.

त्याचं म्हणणं असं की हे आदिम देवमाशांचे वंशज असावेत, अंगावर हाडांचं चिलखत असलेले. कल्पना हवेतली नव्हती. आदिम देवमाशांच्या जीवाश्मांजवळ चिलखतासारखे हाडांचे तुकडे पूर्वी सापडले होते आणि ते त्यांचेच असावेत असा समज होता. नंतर कळलं की ते तुकडे कासवांचे आहेत. चिलखत गेलं आणि सगळा डोलारा बसला. माणूस अभ्यासू होता, पण प्रत्येक हकिगतीला प्राणी मिळालाच पाहिजे या हट्टाने त्याचा घात केला.

फ्रेंच गनबोटीने तोफा डागल्या होत्या, ते खरं का?

गोळीबार झाला होता. १८९७ च्या जुलैत ‘अव्हालांश’ या गनबोटीचा अधिकारी लाग्रेझिय याने हा लाँगजवळच्या पाण्यात दोन विचित्र प्राणी बघितले. लांबी वीसेक मीटर. त्याने सहाशे मीटरवरून तोफ डागली, प्राण्यांवर ढिम्म परिणाम नाही, बुडी मारून गेले. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत परत दिसले. त्यातलं कोणीही गोमेसारखं नव्हतं. चिलखत नाही, पाय नाहीत.

त्याच्या अहवालातला एक तपशील मात्र लाख मोलाचा आहे: त्यांची अंगं सापासारखी वळत होती, पण वर-खाली. साप पाण्यात डावी-उजवीकडे वळतो, मासाही. वर-खाली लहरत जातात ते देवमासे आणि डॉल्फिन. चारपाच जण रांगेने पोहत असले तर लांबून एकच लांबलचक पाठ दिसते. समुद्रात कधी डॉल्फिनचा कळप बघितला असेल तर एकामागून एक कमानी कशा निघतात हे तुम्हाला माहीत असेल.

मग ते १८८३ चं धूड होतं तरी काय?

माझा कौल: कुजलेला देवमासा.

देवमासा मेला की आधी फुगतो आणि तरंगतो. खालचा जबडा लवकर निखळतो, मग कवटी गळून पडते. म्हणून किनाऱ्याला लागतं ते बहुधा बिनडोक्याचं. कातडं आणि चरबी सोलून गेली की उरतो पाठीचा कणा. त्या कण्यातला प्रत्येक मणका म्हणजे एक ठळक पेरं, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना आडवी हाडं बाहेर आलेली. स्नायूंच्या दोऱ्या त्यांना लोंबकळत असतात. वरून बघितलं तर मधे पट्टा आणि दोन्हीकडे पायांच्या रांगा. गोमच. टोंकिनच्या आखातात आजही ‘ब्राइड’ जातीचे देवमासे आहेत, चिनी बाजूच्या वेइझोउ बेटाजवळ ते नियमित दिसतात. हा लाँगचा उपसागर स्वतः उथळ आहे, पण मेलेल्या माशाला खोली लागत नाही, भरती पुरते.

आपल्याकडेही हे घडतंच. २०१५ च्या जूनमध्ये रेवदंड्याला ४२ फुटांचा निळा देवमासा जिवंत किनाऱ्याला लागला आणि प्रयत्न करूनही वाचला नाही. २०१६ च्या जानेवारीत जुहूला ब्राइडचा देवमासा मेलेला आला. ताजे होते म्हणून सगळ्यांनी ओळखले. दोन महिने तरंगून आले असते तर आपणही बोटं तोंडात घातली असती.

आता माझ्याच म्हणण्यातली भोकं सांगतो. एक, ६० सेंटीमीटर लांब मणका म्हणजे फारच मोठा. अठरा मीटर भागिले साठ सेंटीमीटर केलं तर पेरी तीस होतात, देवमाशाचे मणके त्याहून जास्त असतात. दोन, रंग. तीन, पत्र्याचा आवाज. हाडावर काठी मारली तर खट्ट होतं, खण्ण होत नाही. वाळलेलं, ताणलेलं कातडं ढोलकीसारखं वाजू शकतं, पण पत्र्यासारखं? ३८ वर्षांनी सांगितलेल्या मापांवर मी फार भार टाकत नाही. आवाजाचं उत्तर मात्र माझ्याकडे नाही, आणि ते आहे असं मी भासवणारही नाही.

प्रचंड खेकडा किंवा गोमेच्या जातीचा प्राणी का असू शकत नाही?

कारण कवच. गोम, झिंगे, खेकडे यांचा सांगाडा बाहेर असतो. वाढायचं तर जुनं कवच टाकून नवं घडवावं लागतं, आणि मधल्या काळात अंग लिबलिबीत. हाताएवढ्या खेकड्याला ते जमतं, दगडाखाली लपतो. अठरा मीटरच्या धुडाने कुठे लपायचं? शिवाय टाकलेली कवचं समुद्रात कुठेतरी सापडली असती. पृथ्वीवर आजवर होऊन गेलेल्या गोमवर्गीय प्राण्यांत सगळ्यात मोठा आर्थ्रोप्लुरा, तीस कोटी वर्षांपूर्वीचा, सुमारे अडीच मीटरचा. आजच्या संधिपादांत, म्हणजे सांधेदार पायांच्या प्राण्यांत, जपानी कोळी-खेकड्याच्या पायांचा पसारा पावणेचार मीटरपर्यंत जातो, पण त्यात अंग थोडं आणि पायच फार. अठरा मीटर म्हणजे आर्थ्रोप्लुराच्या सातपट.

व्हिएतनामच्या समुद्रात नुकताच एक ‘राक्षसी किडा’ सापडला, तोच का हा?

नाही, पण त्याची गोष्ट ऐका. २०२५ च्या जानेवारीत ‘बॅथिनोमस व्हॅडेरी’ या नव्या जातीची नोंद झाली. खोल समुद्रात राहणारा, चौदा पायांचा, चिलखती पेऱ्यांचा आयसोपॉड. आपल्या कुंडीखाली अंगाची गोळी करणारे करडे किडे असतात ना, त्यांचा समुद्रातला भाऊबंद. डोकं ‘स्टार वॉर्स’मधल्या डार्थ व्हेडरच्या शिरस्त्राणासारखं, म्हणून नाव तसं. लांबी ३२ सेंटीमीटरच्या आसपास, वजन एक किलोच्या वर. आणि शास्त्रज्ञांनी तो मिळवला कुठून? क्वी न्योनच्या मासळीवाल्यांकडून! तिथे याला ‘बो बिएन’, समुद्री किडा, म्हणतात आणि चढ्या भावाने खातात. चव म्हणे शेवंडीसारखी.

म्हणजे चिलखती, पेऱ्यापेऱ्यांचा, बहुपायी समुद्रप्राणी व्हिएतनामला आहेच. फक्त तो ताटात मावतो.

तिथल्या कोळ्यांना समुद्रराक्षसाची भीती वाटते का?

जुन्या काळी वाटायची. व्हिएतनामच्या जुन्या इतिहासग्रंथात एक उल्लेख आहे: पाण्यात उतरणाऱ्या लोकांना थुओंग लुओंग नावाचा जलसर्प त्रास द्यायचा, तेव्हा दंतकथेतल्या आद्य राजघराण्यातल्या हुंग राजाने सांगितलं की अंगावर पाण्यातल्या प्राण्यांची चित्रं गोंदवून घ्या, म्हणजे तो तुम्हाला आपल्यातलाच समजेल. ही गोंदणाची चाल पुढे राजघराण्यातही शिरली. १२९९ साली त्रान आन्ह तोंग या राजाने गोंदवून घ्यायला नकार दिला आणि ती मागे पडली.

पण आज मध्य आणि दक्षिण किनाऱ्यावर जाल तर समुद्रातल्या अजस्र प्राण्याबद्दल भीती नाही, भक्ती दिसेल. देवमाशाला ते ‘का ओंग’ म्हणतात. ‘का’ मासा, ‘ओंग’ म्हणजे आजोबा किंवा वडीलधारे. वादळात होडी पाठीवर तोलून धरतो, बुडणाऱ्याला किनाऱ्याला लावतो, अशी श्रद्धा. आपण ‘देवमासा’ म्हणतो आणि विसरून जातो, त्यांनी मात्र शब्द मनावर घेतला आहे.

का ओंग मेलेला दिसला तर ‘मेला’ म्हणत नाहीत, त्यासाठी वेगळा आदराचा शब्द आहे. ज्याला तो पहिल्यांदा दिसला, तो त्याचा थोरला मुलगा ठरतो. नुसतं म्हणायला नाही. तो माणूस डोक्याला सुतकाचं फडकं बांधतो, बापाचं करावं तसं सगळं करतो आणि सुतक पाळतो. आधी वाळूत दफन, साधारण तीन वर्षांनी अस्थी काढून, धुऊन देवळात ठेवायच्या. फान थिएतच्या वान थुई तू देवळात, जे १७६२ सालचं आहे, अशा कितीतरी सांगाड्यांचा साठा आहे आणि त्यातला एक २२ मीटरचा. सायगॉनजवळच्या कान जोला आठव्या चांद्रमासाच्या पौर्णिमेच्या सुमारास का ओंगची मिरवणूक निघते, सजवलेल्या होड्यांतून. आपल्या नारळी पौर्णिमेनंतर साधारण महिन्याने.

म्हणून होन गायच्या हकिगतीतली एक गोष्ट मला खटकते. किनाऱ्याला देवमासा लागला आणि लोकांनी तो ओढून फेकून दिला? दक्षिणेत हे झालं नसतं. एक तर उत्तरेत का ओंगची पूजा तितकी रुजलेली नव्हती. किंवा ते कुजून इतकं बदललं होतं की हे आजोबा आहेत हे कोणाला कळलंच नाही.

तिकडे गेलो तर यातलं काय बघता येईल?

हा लाँगला गोमेच्या खुणा शोधू नका, बोटवाले तुम्हाला ड्रॅगनची कथा सांगतील, कारण ‘हा लाँग’ म्हणजेच ‘उतरलेला ड्रॅगन’. युनेस्कोने १९९४ मध्ये उपसागराला जागतिक वारसा ठरवलं, तेव्हापासून ड्रॅगनचाच धंदा जोरात आहे.

त्यापेक्षा न्या त्रांगला जा. क्रेम्फच्या त्या संस्थेचं संग्रहालय बंदराजवळ आहे. आत एका मोठ्या दालनात कुबडा देवमाशाचा सांगाडा मांडलेला आहे. तो १९९४ साली लाल नदीच्या त्रिभुज प्रदेशात, समुद्रापासून चार किलोमीटर आत, कालवा खणताना मिळाला. म्हणजे होन गायहून किनाऱ्याने थोडं खाली. लांबी विचाराल तर १८ मीटर.

कवटीकडे बघू नका, सगळे तिथेच फोटो काढतात. मागच्या बाजूला जा आणि शेपटीकडून कणा बघा. एकेक मणका, दोन्ही बाजूंना हात पसरलेला, एकामागे एक. मग मनातल्या मनात डोकं काढून टाका.

आणि काठीचा आवाज?

सांगाड्याला हात लावू देत नाहीत.